स्पिनालोंगा : एका दिवसाचे बेट

भूमध्य समुद्रातील बेटे म्हटली की निळे पाणी, पांढरी घरे आणि ऑलिव्हच्या बागा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. युरोपातील माणूस वर्षाकाठी मिळणारी रजा घालविण्यासाठी या बेटांकडे धाव घेतो, आणि अलीकडे आपल्याकडील प्रवासीही त्याच वाटेने जाऊ लागला आहे. या बेटांत क्रीटचा क्रमांक आकाराने पाचवा. पूर्वपश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर. मधोमध उंच पर्वतांची ओळ. आणि उत्तर किनाऱ्यावर एकामागून एक वसलेली बंदरे. सर आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली क्नोसोस येथे उत्खननास आरंभ केला आणि युरोपातील एका अतिप्राचीन संस्कृतीचा राजवाडा मातीतून वर आला. तो पाहण्यासाठी जगभरचे लोक क्रीटला येतात.

मात्र क्रीटमध्ये आठ-पंधरा दिवस मुक्काम करणारे पुष्कळसे प्रवासी त्यांतील एक दिवस राखून ठेवतात तो एका चिमुकल्या बेटासाठी. त्याचे नाव स्पिनालोंगा. क्षेत्रफळ उणेपुरे साडेआठ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे एकवीस एकर. एखाद्या सुखवस्तू शेतकऱ्याचे शेतही याहून मोठे असू शकेल. या बेटावर हॉटेल नाही, वस्ती नाही, रात्रीचा मुक्काम नाही. सकाळी होडीने जायचे, दोन-तीन तास हिंडायचे आणि परत फिरायचे.

जाण्याचा मार्ग सोपा आहे. क्रीटच्या पूर्व भागात आयोस निकोलाओस नावाचे देखणे बंदर आहे. तेथून उत्तरेस काही मैलांवर एलुंडा आणि त्याच्याही पुढे प्लाका हे कोळ्यांचे लहानसे गाव. तिन्ही ठिकाणांहून होड्या सुटतात. प्लाकाहून निघालेली होडी काही मिनिटांतच बेटाला लागते, कारण मधली खाडी एक किलोमीटरसुद्धा रुंद नाही. प्लाकाच्या धक्क्यावर चहा घेत बसलेल्या माणसाला बेटावरच्या घरांच्या खिडक्या मोजता येतात. स्पिनालोंगाची सारी कथा या अंतराची आहे, म्हणून ते आरंभीच ध्यानात ठेवलेले बरे.

होडी जवळ जाऊ लागते तसतसे बेट दिसेनासे होते आणि किल्ला दिसू लागतो. पाण्याच्या काठापासून चढत गेलेला पिवळसर दगडी तट, पुढे आलेला अर्धवर्तुळाकार बुरूज आणि माथ्यावर आणखी एक तटबंदी. जंजिरा किंवा सिंधुदुर्ग पाहिलेल्या मराठी माणसाला असा जलदुर्ग अपरिचित वाटणार नाही. हा किल्ला व्हेनिसच्या व्यापारी प्रजासत्ताकाचा. एलुंडाच्या उथळ पाण्यात मिठागरे होती, बंदर सुरक्षित होते, आणि तुर्कांच्या आरमाराचे भय वाढत होते. म्हणून १५७९ साली व्हेनिसने येथे किल्ल्याचा पाया घातला. नावाची व्युत्पत्तीही मौजेची आहे. ‘एलुंडाकडे’ या अर्थाचे ग्रीक शब्द व्हेनिसच्या लोकांच्या कानांना नीट कळले नाहीत आणि त्यांनी त्यांचा ‘स्पिना लोंगा’, म्हणजे ‘लांब काटा’, असा अपभ्रंश केला, असे सांगतात.

शिवछत्रपतींनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले, त्या वेळी क्रीटच्या राजधानीस तुर्कांचा वेढा पडून सोळा वर्षे झाली होती. तो वेढा १६६९ साली संपला आणि क्रीट तुर्कांच्या हाती गेले. स्पिनालोंगा मात्र तहान्वये व्हेनिसकडे राहिले, आणि त्यानंतर तब्बल ४६ वर्षांनी, १७१५ साली, त्याने शरणागती पत्करली. पुढे बेटावर मुसलमान कुटुंबांचे गाव वसले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या एकवीस एकरांत हजारावर माणसे राहत होती. आज जो दगडी रस्ता, जी दुमजली घरे आणि दुकानांच्या ज्या कमानी प्रवासी पाहतो, त्यांतील बराचसा भाग या गावाचा आहे.

येथपर्यंतची हकीकत भूमध्य समुद्रातील कोणत्याही किल्ल्याची असू शकते. स्पिनालोंगाला लोक जातात ते त्यानंतरच्या हकीकतीसाठी.

१८९८ साली क्रीटला तुर्की साम्राज्यात स्वायत्तता मिळाली आणि नवे सरकार कारभार पाहू लागले. त्या सरकारपुढे जे प्रश्न होते त्यांत एक कुष्ठरोगाचा होता. क्रीटमधील मोठ्या शहरांच्या वेशीबाहेर कुष्ठरुग्णांच्या वस्त्या होत्या. त्यांना ‘मेस्किनिया’ म्हणत आणि रुग्णाला ‘मेस्किनिस’. हा शब्द तुर्कीतून आलेला ‘मिस्कीन’. तो आपल्याही परिचयाचा आहे. मिस्कीन म्हणजे गरीब, दीन. या शब्दात रोगाचे नाव कोठेच नाही. ज्याच्याजवळ काही उरलेले नाही असा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. वेशीबाहेर बसावयाचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यापुढे हात पसरावयाचा, हेच या लोकांचे जीवन होते.

सरकारने १९०३ साली ठरविले की, अशा सर्व रुग्णांना स्पिनालोंगावर नेऊन ठेवावे. बेटावर उरलेली मुसलमान कुटुंबे त्यामुळे निघून जातील, हाही या निर्णयामागील एक हेतू होता, असे सांगण्यात येते. १९०४ साली सुमारे अडीचशे रुग्ण बेटावर उतरविण्यात आले. १९१३ साली क्रीट ग्रीसमध्ये विलीन झाल्यावर देशाच्या इतर भागांतील रुग्णही तेथे पाठविले जाऊ लागले.

निर्णय घेणारे लोक दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही. त्या काळी कुष्ठरोगावर औषध नव्हते. १८९७ साली बर्लिन येथे या रोगाविषयी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि तेथे जमलेल्या तज्ज्ञांनी रुग्णांना अलग ठेवण्याच्याच बाजूने कौल दिला होता. बहुजनांचे रक्षण व्हावे, रुग्णांची एके ठिकाणी सोय व्हावी, भिकेची अवहेलना टळावी, असे या योजनेचे समर्थन करता येत होते. कागदावर ती योजना निर्दोष दिसत असली पाहिजे. तिच्यात एकच गोष्ट नव्हती. बेटावर गेलेला माणूस परत केव्हा येणार, याचे उत्तर तीत नव्हते; कारण तो परत येईल असे कोणी गृहीतच धरले नव्हते.

आजचा प्रवासी धक्क्यावर उतरतो आणि तटाच्या पोटातून काढलेल्या एका अंधाऱ्या, बोगद्यासारख्या वाटेने आत शिरतो. रुग्णही याच वाटेने आत जात. इटालियन महाकवी दांते याने वर्णिलेल्या नरकद्वारावरून या वाटेला ‘दांतेचे दार’ असे नाव पडले. प्रवाशाच्या खिशात परतीचे तिकीट असते, म्हणून त्याला बोगद्यातील गारवा सुखद वाटतो. त्याच्या आधी येथून गेलेल्या माणसाला तोच गारवा कसा लागला असेल, हा विचार पुष्कळांच्या मनात बोगद्याच्या दुसऱ्या टोकाशी येतो.

त्या टोकाशी नरक मात्र नाही. एक गाव आहे, आणि ही या बेटावरील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट होय. सरकारने रुग्णांना निवृत्तिवेतनासारखी लहानशी मासिक रक्कम देऊ केली होती. प्रवेशद्वाराबाहेर बाजार भरे. समोरच्या किनाऱ्यावरील शेतकरी भाजी, फळे, अंडी घेऊन येत आणि रुग्ण ती विकत घेत. ज्या माणसाला गावाने वाळीत टाकले होते, तोच येथे गिऱ्हाईक झाला होता, आणि प्लाकाच्या शेतकऱ्याचा संसार काही अंशी त्याच्या पैशावर चालत होता. भय कायम होतेच. बेटावरून बाहेर जाणाऱ्या वस्तूंसाठी निर्जंतुकीकरणाची स्वतंत्र इमारत होती. तथापि भयाच्या जोडीने व्यवहारही चालू होता, आणि व्यवहार चालू असला की माणूस अगदीच नाहीसा होत नाही.

प्रारंभीची तीस वर्षे फार हालाची गेली. जुनी, पडकी घरे, पाण्याची टंचाई, औषधोपचारांचा अभाव आणि उद्याची आशा नाही, अशा स्थितीत माणसे केवळ दिवस मोजीत. १९३६ साली एपामिनोंदास रेमुंदाकिस नावाचा कायद्याचा एक तरुण विद्यार्थी रुग्ण म्हणून बेटावर आला. त्याने इतरांना एकत्र करून स्पिनालोंगाच्या रुग्णांचा एक बंधुसंघ स्थापन केला. संघाला नाव दिले संत पांतेलेइमोन यांचे. हे संत वैद्यांचे व रोग्यांचे कैवारी मानले जातात, आणि योगायोग असा की, व्हेनिसच्या अमदानीत १७०९ साली बांधलेले त्यांचे देऊळ बेटावर आधीपासूनच उभे होते. जणू दोनशे वर्षे ते या रुग्णांची वाट पाहत थांबले होते.

बंधुसंघाने काय केले याची यादी साधी आहे. घरांना चुना दिला. रस्ते झाडण्याची व्यवस्था केली. झाडे लावली. नाटके बसविली, चित्रपट दाखविण्याची सोय केली, रस्त्यावर ध्वनिक्षेपक लावून संगीत ऐकविले. मुलांसाठी शाळा चालविली. कायद्याने विवाहास बंदी असतानाही माणसांनी लग्ने लावली आणि त्यांना मुले झाली. अधिक सोयींसाठी सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या, भांडणे केली, हक्काची भाषा केली. कैवल्याचा किंवा त्यागाचा मोठा शब्द या यादीत कोठेही नाही. घराला चुना देणारा माणूस उद्याही या घरात राहावयाचे आहे असे स्वतःला सांगत असतो. रेमुंदाकिस आणि त्याच्या सोबत्यांनी एवढेच एकमेकांना सांगितले, आणि तेवढ्याने बेट बदलले. पुढे १९३९ साली बेटाभोवती फिरता यावे म्हणून रस्ता काढण्यात आला. त्यासाठी सुरुंग लावून जुन्या तटाचा काही भाग पाडावा लागला. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचे वाईट वाटेल. परंतु ज्यांचे सारे जग एकवीस एकरांचे होते, त्यांना संध्याकाळी समुद्रकाठाने फिरावयास वाट मिळाली.

या सर्व काळात वैद्यकशास्त्र काय सांगत होते? नॉर्वेतील बेर्गेन येथे गेरहार्ड आर्मौएर हान्सेन यांनी १८७३ सालीच कुष्ठरोगाचे जंतू शोधून काढले होते. हा रोग पापाचे फळ नव्हे, आनुवंशिक नव्हे, तो जंतूंमुळे होतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. पुढे असेही कळून आले की, हे जंतू फार सावकाश वाढतात, रोग सहजासहजी जडत नाही, आणि बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती निसर्गतःच असते. १९४१ साली अमेरिकेतील कारव्हिल येथे सल्फोन वर्गातील औषधाचा पहिला यशस्वी उपयोग झाला आणि त्या दशकाच्या अखेरीपासून ही औषधे जगभर पसरू लागली. स्पिनालोंगावरील रुग्ण बरे होऊ लागले. बेटाची गरज संपली. १९५७ साली वसाहत बंद झाली आणि उरलेल्या थोड्या रुग्णांना अथेन्समधील रुग्णालयात हलविण्यात आले.

त्यानंतरही एक माणूस बेटावर राहिला. तो तेथील धर्मगुरू. ग्रीक धर्मपीठाच्या चालीप्रमाणे मृताच्या नावाने चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी प्रार्थना करावयाची असते. शेवटच्या मृतांचे हे विधी पुरे व्हावेत म्हणून तो ओसाड गावात एकटा थांबला आणि १९६२ साली ते पुरे झाल्यावर निघून गेला. प्रवाशाची फेरी जेथे संपत येते तेथे एक लहानशी दफनभूमी आहे. सिमेंटच्या फरशा, त्यांवर नावे नाहीत. जिवंत असताना ज्यांचा हिशेब ठेवण्याची जगाला निकड वाटली नाही, त्यांच्या मरणाचे दिवस एका माणसाने पाच वर्षे न चुकता मोजले.

१९७३ साली जाँ-दानिएल पोले या फ्रेंच दिग्दर्शकाने या बेटावर एक लघुपट काढला. त्यात रोगाच्या खुणा चेहऱ्यावर वागविणारे रेमुंदाकिस थेट प्रेक्षकाकडे पाहून बोलतात. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा की, बेटावर त्यांना जगण्याचा अर्थ सापडला होता, आणि बाहेर आल्यावर निरोगी म्हणविणाऱ्या समाजात तो त्यांना दिसेना. बेटावरून सुटलेल्या माणसाने असे म्हणावे हे ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. पण औषधाने जंतू मरतात, लोकांच्या डोळ्यांतील नजर मरत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील चमत्कारिकपणा उरत नाही.

ही कथा परक्या समुद्रातील म्हणून दूर ठेवता आली असती, तर बरे झाले असते. परंतु आपल्याकडेही असे किनारे होतेच. मुंबईत रस्त्यांवर हिंडणाऱ्या निराधार कुष्ठरुग्णांसाठी त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांनी १८९० साली तेव्हाच्या शहराबाहेर, माटुंग्याजवळ, आश्रय उभारला. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे ते हेच ॲक्वर्थ. वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. पुढे १८९८ साली, म्हणजे क्रीट स्वायत्त झाले त्याच वर्षी, हिंदुस्थान सरकारने कुष्ठरुग्णांविषयी एक कायदा केला. त्या कायद्याने पोलिसाला वॉरंटावाचून अटक करता येत असे ती भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचे साधन नसलेल्या रुग्णाला. ज्याचे स्वतःचे घर होते, त्याला हे भय नव्हते. क्रीटमधील लोकांनी रुग्णाला ‘मिस्कीन’ म्हटले होते. आपल्या कायद्याने तीच गोष्ट कलमांत लिहिली. वेगळे काढले जात होते ते रोगाला की दारिद्र्याला, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारण्याजोगा आहे.

रेमुंदाकिस बेटावर पोहोचला त्याच १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य सुरू केले. १९४९ साली वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि ओसाड जमिनीवर आनंदवन उभे राहिले. तेथेही आरंभ विहीर खणण्यापासून आणि शेत पिकविण्यापासून झाला. स्पिनालोंगावर चुना देणारे हात आणि आनंदवनात विहीर खणणारे हात एकमेकांना कधीच भेटले नाहीत. तरी दोघांना एकच गोष्ट उमगली होती की, आजारी माणसाला दयेपेक्षा कामाची आणि शेजाऱ्याची गरज अधिक असते.

१८९८चा तो कायदा केंद्रीय कायद्यांच्या पुस्तकातून अखेर २०१६ साली काढून टाकण्यात आला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण असू शकते, ही विवाहविषयक कायद्यांतील तरतूद २०१९ साली रद्द झाली. औषध कायद्यांच्या पुष्कळ आधी पोहोचले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग सहा महिने ते एक वर्ष एवढ्या अवधीत पूर्ण बरा होतो, उपचार सुरू झाल्यावर लवकरच रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग थांबतो, आणि आपल्याकडील सरकारी आरोग्यकेंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. तरीही जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण आजही भारतात आढळतात.

त्यांतील कित्येकजण उशिरा येतात. अंगावर एक फिकट चट्टा उठतो. तो दुखत नाही, खाजत नाही. तेथे टोचले तरी समजत नाही. त्या वेळी दवाखान्यात जावे तर हातापायांच्या नसा वाचतात आणि व्यंग राहत नाही. पण माणूस चट्टा कपड्याखाली झाकतो. सुनेने तो सासूपासून लपवावा, कारागिराने मालकापासून लपवावा, असे अजूनही घडते. दवाखाना बहुधा फार लांब नसतो. प्लाकाच्या धक्क्यापासून स्पिनालोंगाही लांब नव्हते.